पीएच.डी. झाली, पुढे काय? धारवाडमधील पोस्ट-डॉक्टरल संशोधन

विज्ञान शाखेत पीएच.डी. मिळाल्यावर कायम नोकरी लागेपर्यंत संशोधक दोन-चार वर्षे दुसऱ्या मार्गदर्शकाकडे काम करतात. यालाच पोस्टडॉक म्हणतात. ही पदवी नव्हे, मानधनाचे काम आहे. घरच्या वडीलधाऱ्यांना हे समजावून सांगावे लागते, कारण “अजून शिकणंच चाललंय का?” हा प्रश्न ठरलेला!

कर्नाटक विद्यापीठ १९४९ साली मुंबईत स्थापन झाले, कारण तेव्हा धारवाड मुंबई प्रांतातच होते. पुढच्या वर्षी ते येथे आले. मूलभूत विज्ञानाचे जवळजवळ सर्व विभाग तेथे आहेत. शिवाय केंद्राच्या मदतीने चालणारे अत्याधुनिक उपकरण केंद्र (सैफ) आहे. बाहेरच्या संशोधकांनाही शुल्क भरून तेथे नमुने तपासून मिळतात. कृषी विज्ञान विद्यापीठ १९८६चे. पण धारवाडचे कापूस संशोधन त्याहून जुने, ‘वरलक्ष्मी’ हा संकरित वाण १९७२ साली येथूनच आला. आयआयटी २०१६ पासून आहे.

पोस्टडॉकच्या ठरावीक जागा विद्यापीठात क्वचित निघतात. बहुधा फेलोशिप आपणच मिळवून आणावी लागते, आणि त्यासाठी आधी मार्गदर्शकाची संमती हवी. म्हणून जाहिरातीची वाट पाहत बसू नये. प्राध्यापकांचे अलीकडचे शोधनिबंध वाचून, आपली कल्पना एका पानात मांडून त्यांना लिहावे.

मुख्य योजना राष्ट्रीय पोस्ट-डॉक्टरल फेलोशिपची. पूर्वी ती ‘सर्ब’कडे होती, आता अनुसंधान राष्ट्रीय संशोधन प्रतिष्ठानकडे आहे. मुदत दोन वर्षे, आणि आयुष्यात एकदाच मिळते. वयोमर्यादा ३५, महिला, अनुसूचित जाती-जमाती, इतर मागासवर्गीय व दिव्यांग यांना पाच वर्षांची सवलत. लग्न, बाळंतपण यात वर्षे कशी जातात हे मुलींच्या पालकांनी विशेष ध्यानात घ्यावे. महिलांसाठी विज्ञान व तंत्रज्ञान विभागाची ‘वाइज पीडीएफ’ ही वेगळी योजनाही आहे. कोल्हापूर-सांगलीकडे पीएच.डी. करून लग्नानंतर इकडे आलेल्या सुनांनी ती जरूर पाहावी. पदवी शिवाजी विद्यापीठाची असली तरी अडत नाही.

प्राध्यापकांच्या मंजूर प्रकल्पात रिसर्च असोसिएट म्हणूनही काम मिळते. केंद्राच्या २०२३च्या आदेशानुसार त्याचे मानधन अनुभवाप्रमाणे दरमहा ५८,००० ते ६७,००० रुपये, घरभाडे वेगळे. मात्र प्रकल्प संपला की कामही संपते.

कन्नड येत नसेल तर? प्रयोगशाळेत इंग्रजीवर भागते. शेतावर, खेड्यात नमुने गोळा करायचे तर कन्नड हवेच. आपल्या मुलांना ते येतेच म्हणा.

ही वर्षे वाया जात नाहीत. यूजीसीच्या २०१८च्या नियमावलीत सहायक प्राध्यापकाच्या मुलाखतीसाठी उमेदवार निवडताना पोस्टडॉकच्या प्रत्येक वर्षाला दोन गुण धरले आहेत, जास्तीत जास्त दहा. अर्जाच्या तारखा दरवर्षी बदलतात, तेव्हा त्या मूळ संकेतस्थळावरच पाहाव्यात, व्हॉट्सॲपवर नव्हे.