ल्युकेमियावर अँटिबायोटिक चालेल का?

रुग्णाचा ल्युकेमिया औषधाला दाद देईनासा झाला की घरचे लोक मिळेल तिथे वाचू लागतात. त्यात कधीतरी ‘जुन्या अँटिबायोटिकने ब्लड कॅन्सरवर मात’ अशी बातमी हाती लागते. थोडक्यात उत्तर असे: औषधाच्या दुकानात मिळणारे कोणतेही नेहमीचे अँटिबायोटिक आज ल्युकेमियावरचा मान्य उपचार नाही. पण बातमीमागची कल्पना खरी आहे आणि ती समजून घेण्यासारखी आहे.

जंतूंचे औषध कॅन्सरच्या पेशीवर का काम करेल?

आपल्या पेशींमध्ये ऊर्जा तयार करणारे छोटे कण असतात, त्यांना मायटोकाँड्रिया म्हणतात. अब्जावधी वर्षांपूर्वी ते स्वतंत्र जिवाणू होते. म्हणून त्यांची प्रथिने बनवण्याची यंत्रणा आजही जिवाणूंसारखीच आहे. डॉक्सिसायक्लिन, टिगेसायक्लिन, लिनेझोलिड ही औषधे जिवाणूंची प्रथिननिर्मिती थांबवतात; मात्रा जास्त किंवा उपचार लांबला तर ती मायटोकाँड्रियाचीही थांबवू शकतात.

याचा एक पुरावा आपल्याकडेच दिसतो. औषधांना न जुमानणाऱ्या टीबीसाठी अनेक महिने लिनेझोलिड घेणाऱ्या काही रुग्णांचे हिमोग्लोबिन उतरते, हातापायांना मुंग्या येतात. कारण हेच.

ल्युकेमियाच्या काही पेशी, विशेषतः ज्यांच्यापासून आजार पुन्हा उगवतो त्या मूळपेशी, ऊर्जेसाठी मायटोकाँड्रियावर फार अवलंबून असतात. केमोथेरपीतून किंवा गोळ्यांतून याच पेशी निसटतात. त्यांचा ऊर्जापुरवठाच तोडायचा, असा हा विचार आहे.

प्रयोगशाळेत काय दिसले?

2011 मध्ये टोरंटोच्या संशोधकांनी अनेक औषधे तपासली. त्यांत टिगेसायक्लिन तीव्र मायलॉइड ल्युकेमियाच्या, म्हणजे एएमएलच्या, पेशी मारते असे आढळले. 2017 मध्ये ग्लासगोच्या गटाने सीएमएल या दीर्घकालीन प्रकारात इमॅटिनिबला टिगेसायक्लिनची जोड दिली. इमॅटिनिबमधून वाचणाऱ्या मूळपेशी या जोडीने उंदरांत बऱ्याच कमी झाल्या. 2019 मध्ये टेडिझोलिड या लिनेझोलिडच्या भावंडाबाबतही असेच दिसले: व्हेनेटोक्लॅक्सला दाद न देणाऱ्या एएमएल पेशी त्याच्या जोडीने पुन्हा दाद देऊ लागल्या.

मग रुग्णांना का देत नाहीत?

कारण रुग्णांमध्ये तपासल्यावर चित्र वेगळे निघाले, आणि बातम्यांत नेमका हाच भाग गळतो. एएमएल परत आलेल्या किंवा उपचारांना न जुमानणाऱ्या 27 रुग्णांना टिगेसायक्लिन शिरेतून दिले गेले. संसर्गासाठी साधारणपणे दिवसाला 100 मिलिग्रॅम देतात. इथे ते 300 मिलिग्रॅमपर्यंत सहन झाले. पण एकाही रुग्णाचा आजार हटला नाही. औषध रक्तातून लवकर निघून जात होते; साडेनऊ तासांत त्याचे प्रमाण निम्म्यावर येई. पेशींवर सतत दाब राहिलाच नाही.

शिवाय टिगेसायक्लिनने मळमळ-उलट्या खूप होतात, आणि संसर्गावरच्या चाचण्यांत इतर अँटिबायोटिकांपेक्षा मृत्यूचे प्रमाण थोडे जास्त दिसल्याने अमेरिकेत त्यावर ठळक इशारा छापला जातो.

औषधात बदल करतात म्हणजे काय?

रेणूची रचना थोडी बदलून औषध शरीरात जास्त वेळ टिकवायचे आणि मायटोकाँड्रियावरचा परिणाम वाढवायचा. आणखी एक हेतू, माझ्या मते तितकाच महत्त्वाचा, म्हणजे जंतू मारण्याचा गुण काढून टाकायचा. महिनोन्‌महिने अँटिबायोटिक घेतले तर आतड्यातले उपयोगी जिवाणू मरतात आणि औषधांना न जुमानणारे जंतू वाढतात. ल्युकेमियाच्या रुग्णाची प्रतिकारशक्ती आधीच खचलेली असते. त्याला हे परवडणारे नाही. टेट्रासायक्लिनमधला एक रासायनिक गट काढला की जंतूंवरचा परिणाम जातो, तरी पेशींवरचा राहतो. कोल-3 हे असेच औषध. प्रयोगशाळेतील ल्युकेमिया पेशींवर ते डॉक्सिसायक्लिनपेक्षा प्रभावी ठरले, पण पेशींच्या ताटलीपासून रुग्णाच्या खाटेपर्यंतचा रस्ता लांब असतो.

जाता जाता: एएमएलमध्ये नेहमी वापरले जाणारे डॉनोरुबिसिन हेही मातीतल्या जिवाणूपासूनच मिळालेले आहे. मात्र ते डीएनएवर काम करते, त्याचा मार्ग वेगळा.

तुम्ही काय करावे?

घरी उरलेल्या डॉक्सिसायक्लिनच्या गोळ्या ‘करून बघू’ म्हणून देऊ नका. इमॅटिनिब चालत नसेल तर डॉक्टर आधी गोळ्या रोज घेतल्या जातात का हे विचारतील, मग जनुकीय बदलाची तपासणी करतील. इमॅटिनिब निष्प्रभ करणाऱ्या काही बदलांवर दुसऱ्या गोळ्या उपलब्ध आहेत.

चाचणीत भाग घेण्याची इच्छा असेल तर तुमच्या रक्तविकारतज्ज्ञांना तसे विचारा. भारतातील चाचण्यांची नोंद सीटीआरआय या सरकारी नोंदवहीत असते आणि ती कोणालाही पाहता येते. नोंद नसलेल्या ‘नव्या अँटिबायोटिक उपचारा’साठी कोणी पैसे मागितले तर थांबा.

ल्युकेमियाची औषधे चालू असताना इतर कोणतेही अँटिबायोटिक घेण्याआधी डॉक्टरांना कळवा. क्लॅरिथ्रोमायसिनमुळे व्हेनेटोक्लॅक्सचे रक्तातील प्रमाण धोकादायक वाढू शकते. टीबीवरच्या रिफॅम्पिसिनमुळे इमॅटिनिबचे प्रमाण इतके घटते की ते कामच करत नाही. आणि पांढऱ्या पेशी कमी असताना ताप 38 अंश सेल्सिअसच्या वर गेला तर घरी गोळी देऊन वाट पाहू नका, त्याच तासाला रुग्णालय गाठा.