फोर-व्हील ड्राइव्ह लावूनही पुढची चाकं जोर का लावत नाहीत? जाणून घ्या 'फ्रंट ॲक्सल डिस्कनेक्ट' आणि त्यात केले जाणारे बदल

बर्फात किंवा चिखलात ट्रक रुतलाय. ड्रायव्हरने लिव्हर ओढून फोर-व्हील ड्राइव्ह लावला. तरीही मागची दोन चाकं जागच्या जागी गरगर फिरतात आणि पुढची दोन नुसती थांबून राहतात. अमेरिकेतल्या जुन्या पिकअप ट्रकच्या मालकांची ही नेहमीची तक्रार. गिअरबॉक्स ठीक असतो, इंजिन ठीक असतं. दोष बहुतेक वेळा पुढच्या ॲक्सलवरच्या एका छोट्या यंत्रणेत असतो. तिचं नाव फ्रंट ॲक्सल डिस्कनेक्ट.

ही यंत्रणा नेमकं काय करते? ती बिघडली की मालक तिच्यात कोणते बदल करतात? आणि त्यातला कोणता बदल कोणाच्या कामाचा?

ही यंत्रणा कशासाठी असते?

अशा ट्रकमध्ये फोर-व्हील ड्राइव्ह कायम चालू नसतो. रोजच्या रस्त्यावर फक्त मागची चाकं गाडी ढकलतात. गरज पडली की ट्रान्सफर केस नावाचा भाग इंजिनाची ताकद पुढेही पाठवतो.

अडचण अशी की गाडी टू-व्हील ड्राइव्हमध्ये असली तरी पुढची चाकं रस्त्यावर फिरतच असतात. ती आपल्यासोबत ॲक्सल शाफ्ट, डिफरन्शियलमधले क्राउन-पिनियन आणि पुढचा प्रोपेलर शाफ्ट यांनाही फिरवतात. त्यात थोडं इंधन वाया जातं, भाग झिजतात आणि आवाजही येतो.

जुन्या गाड्यांमध्ये यावर उपाय होता लॉकिंग हबचा. ड्रायव्हरने खाली उतरून दोन्ही चाकांवरची चकती हाताने फिरवायची. मारुती जिप्सी चालवलेल्यांना हा प्रकार नवा नाही. पण पावसात, चिखलात खाली उतरणं सगळ्यांनाच नको असतं. म्हणून कंपन्यांनी हे काम आपोआप करणारी यंत्रणा आणली.

जीप चेरोकीच्या 1984 ते 1991 दरम्यानच्या अनेक गाड्यांमध्ये, 1987 ते 1995 च्या रँग्लरमध्ये आणि 1994 ते 2001 च्या डॉज रॅम ट्रकमध्ये ती व्हॅक्यूमवर चालत असे.

ती काम कशी करते?

डॉज रॅमचंच उदाहरण घेऊ. पुढच्या ॲक्सलचा उजवा शाफ्ट, म्हणजे तिथे ड्रायव्हरशेजारी बसणाऱ्याच्या बाजूचा शाफ्ट, दोन तुकड्यांचा असतो. दोन्ही तुकड्यांच्या टोकांना दाते असतात. त्यांच्यावर एक कॉलर सरकते. कॉलर दोन्ही तुकड्यांवर बसली की शाफ्ट एकसंध होतो. ती बाजूला सरकली की शाफ्ट तुटक होतो.

शाफ्ट एकाच बाजूचा तोडून सगळं कसं थांबतं? याचं उत्तर डिफरन्शियलमध्ये आहे. डावं चाक डाव्या शाफ्टला फिरवतं. उजव्या बाजूचा आतला तुकडा मोकळा असल्याने तो उलट दिशेने फिरू लागतो. आतले छोटे गिअर फिरतात, पण क्राउन, पिनियन आणि प्रोपेलर शाफ्ट थांबलेलेच राहतात. एक जोड सोडली आणि जड भागांना विश्रांती मिळाली.

कॉलर सरकवण्याचं काम एक फोर्क करतो आणि त्या फोर्कला हलवते व्हॅक्यूम मोटर. नाव मोटर असलं तरी आत असतो रबरी पडदा, म्हणजे डायफ्रॅम. पेट्रोल इंजिनात हा व्हॅक्यूम इंजिनाकडूनच मिळतो, डिझेलमध्ये त्यासाठी वेगळा पंप असतो. तिथून नळ्या ट्रान्सफर केसवरच्या स्विचकडे जातात आणि स्विचकडून पुढच्या ॲक्सलकडे. ड्रायव्हरने लिव्हर ओढला की स्विच व्हॅक्यूमची दिशा बदलतो आणि कॉलर सरकते.

बिघडतं काय?

बहुतेक वेळा नळ्या. इंजिनाची उष्णता, चिखल, घासणं आणि वय यांमुळे रबर आणि प्लास्टिक तडकतं. डायफ्रॅम फाटतो, फोर्कचा दांडा गंजून अडकतो.

रॅममध्ये याच्या दोन खुणा दिसतात. डॅशबोर्डवरचा फोर-व्हील ड्राइव्हचा दिवा लागत नाही, कारण त्याचा स्विच ॲक्सलवरच असतो आणि कॉलर बसल्याशिवाय तो चालू होत नाही. दुसरी खूण जरा गमतीची आहे. फोर-व्हील ड्राइव्ह लावताच समोरून येणारी एसीची हवा अचानक काचेकडे वळते. हवेच्या झडपाही व्हॅक्यूमवर चालतात. नळी गळत असेल तर त्यांचाही व्हॅक्यूम जातो.

दुरुस्तीआधी खात्री करता येते. इंजिन बंद करायचं, मागच्या चाकांना अडण लावायची, पुढची दोन्ही चाकं उचलून स्टँडवर ठेवायची आणि लिव्हर फोर-व्हील ड्राइव्हमध्ये टाकायचा. मग हातपंपाने व्हॅक्यूम मोटरला थेट व्हॅक्यूम द्यायचा आणि उजवं चाक हाताने फिरवायचं. डावं चाक उलट फिरलं तर कॉलर बसली आहे, म्हणजे दोष नळ्यांमध्ये किंवा स्विचमध्ये आहे. डावं चाक ढिम्म राहिलं तर दोष ॲक्सलवरच आहे.

मालक कोणते बदल करतात?

*1. मूळ यंत्रणाच नीट करणं:* नव्या नळ्या, नवा डायफ्रॅम किंवा पूर्ण व्हॅक्यूम मोटर. यात गाडीचं मूळ रूप बदलत नाही. नळ्या पुन्हा जुन्या झाल्या की तोच त्रास पुन्हा येऊ शकतो.

*2. केबल बसवणं:* व्हॅक्यूम मोटर काढून तिच्या जागी केबलवर चालणारं झाकण बसवतात. केबलची मूठ ड्रायव्हरजवळ येते. आता कॉलर कधी बसवायची हे ड्रायव्हर ठरवतो.

याचा एक जादा फायदा आहे. ट्रान्सफर केस लो रेंजमध्ये टाकायचा, पण केबल ओढायची नाही. मग लो रेंजची संथ गती फक्त मागच्या चाकांना मिळते. कोरड्या जमिनीवर ट्रेलर मागे घेताना हे सोयीचं पडतं. मात्र लो रेंजचा सगळा जोर एकट्या मागच्या ॲक्सलवर येतो, त्यामुळे अवजड ओढकाम या स्थितीत टाळलेलं बरं.

क्रमही पाळावा लागतो. गाडी चालू असताना आधी ट्रान्सफर केस, मग केबल. कारण आधी प्रोपेलर शाफ्टला वेग मिळाला तरच कॉलरचे दाते सहज जुळतात. गाडी थांबलेली असताना दाते जुळले नाहीत तर ती किंचित पुढे-मागे करावी लागते. अर्धवट बसलेली कॉलर दाते खाते.

*3. कॉलर कायमची बसवून टाकणं:* फोर्क सरकू नये म्हणून आत कडं किंवा क्लॅम्प अडकवतात. हा सगळ्यात स्वस्त उपाय. आता पुढचा प्रोपेलर शाफ्ट कायम फिरत राहतो. इंधन थोडं जास्त लागतं, युनिव्हर्सल जॉइंट झिजतात आणि शाफ्टचा तोल बिघडलेला असेल तर वेग वाढताच थरथर जाणवते.

*4. एकसंध शाफ्ट:* दोन तुकड्यांचा शाफ्ट काढून अखंड शाफ्ट टाकतात आणि मोकळ्या भोकावर प्लेट बसवतात. कॉलर हा कमकुवत दुवाच निघून जातो, म्हणून अवघड वाटांवर जाणारे हा पर्याय पसंत करतात. पण ऑइल सील कुठे बसतं हे ॲक्सलनुसार बदलतं. काही ठिकाणी त्यासाठी डिफरन्शियल उघडावं लागतं. शाफ्ट कायम फिरण्याचे तोटे इथेही आहेतच.

*5. लॉकिंग हब:* रॅम आणि जीपच्या या ॲक्सलमध्ये चाकाचं बेअरिंग आणि हब एकत्र असतात. ते बदलून हाताने लॉक होणारे हब बसवता येतात. हब मोकळे असताना पुढचा संपूर्ण ॲक्सल थांबतो. सगळ्यात महाग आणि सगळ्यात पूर्ण असा हा उपाय आहे. फक्त खाली उतरण्याचा जुना त्रास परत येतो.

कॉलर कायम बसवली तर गाडी कायम फोर-व्हील ड्राइव्हमध्ये जाते का?

नाही. हा सर्वात मोठा गैरसमज. ताकद पुढे पाठवायची की नाही हे ट्रान्सफर केस ठरवतो. तो टू-व्हीलमध्ये असेल तर पुढचे भाग नुसते फिरतात, जोर लावत नाहीत. कोरड्या डांबरी रस्त्यावर फोर-व्हील ड्राइव्ह लावल्याने वळणावर जो ताण येतो, तो या बदलामुळे येत नाही.

अपवाद एकच. पुढच्या डिफरन्शियलमध्ये ऑटोमॅटिक लॉकर बसवलेला असेल तर कॉलर कायम जोडल्याने टू-व्हीलमध्येही स्टिअरिंगवर परिणाम होतो. अशा गाडीसाठी लॉकिंग हबच योग्य.

मग कंपन्यांनी ही यंत्रणा सोडून दिली का?

काही काळ तसं झालं. 1997 च्या नव्या रँग्लरमध्ये ती नव्हती. पण इंधन वाचवण्यासाठी ती परत आली. 2013 च्या रॅमच्या हेवी ड्यूटी ट्रकमध्ये आणि 2018 च्या रँग्लरमध्ये डिस्कनेक्ट पुन्हा दिसला. या वेळी व्हॅक्यूमच्या जागी विजेवर चालणारी मोटर आहे.

कोणी काय निवडावं?

ट्रक वर्षातून चार-दोन वेळाच चिखलात किंवा बर्फात जात असेल, तर मूळ यंत्रणा दुरुस्त करणं पुरेसं आहे. ट्रेलर ओढणाऱ्याला केबल उपयोगी. दगडधोंड्यांच्या वाटा तुडवणाऱ्याला एकसंध शाफ्ट किंवा हब. कॉलर अडकवून ठेवणं हा अडीअडचणीचा उपाय. त्यावर वर्षानुवर्षं गाडी चालवायची तर पुढच्या प्रोपेलर शाफ्टचे जॉइंट वेळेवर तपासावे लागतात.

आणि बदल कोणताही असो, महिन्यातून एकदा मऊ जमिनीवर फोर-व्हील ड्राइव्ह लावून थोडं अंतर गाडी चालवावी. अडकलेला फोर्क घराजवळ सापडला तर दुरुस्ती होते. तोच आडरानात सापडला तर गाडी ओढायला दुसरी गाडी बोलवावी लागते.