वनस्पतिकाय : वर्गीकरणाच्या दोन परंपरा

जैन दर्शनाने संसारी जीवांचे त्रस व स्थावर असे दोन भेद मानले आहेत. पृथ्वीकाय, अप्काय, तेजस्काय, वायुकाय आणि वनस्पतिकाय हे पाच स्थावर होत. वनस्पतीला केवळ स्पर्शनेंद्रिय असते. तरीही ती जन्मते, वाढते, आहार घेते आणि छेदली असता कोमेजते. हे साम्य आचारांग सूत्राच्या पहिल्याच अध्ययनात मनुष्यदेहाशी तुलना करून दाखविले आहे. अहिंसा पाळावयाची तर जीव कोठे आहे व किती आहेत हे आधी ओळखले पाहिजे. जैन परंपरेतील वनस्पतींचे वर्गीकरण या गरजेतून जन्मास आले.

आर्य श्याम यांच्या नावे असलेल्या ‘प्रज्ञापना’ सूत्रात वनस्पतीचे दोन मुख्य भेद सांगितले आहेत : ज्याच्या एका शरीरात एक जीव ती ‘प्रत्येक’ आणि ज्याच्या एका शरीरात अनंत जीव ती ‘साधारण’. प्रत्येक वनस्पतीचे वृक्ष, गुच्छ, गुल्म, लता, वल्ली, पर्वग, तृण, वलय, हरित, औषधी, जलरुह व कुहण असे बारा प्रकार आहेत. वृक्षांतही आंबा, जांभूळ, कडुनिंब हे एका बीचे, तर डाळिंब, बेल, फणस हे बहुबीज असा सूक्ष्म विवेक आढळतो. दिगंबर परंपरेत आचार्य नेमिचंद्र सिद्धांतचक्रवर्ती यांच्या ‘गोम्मटसार’ ग्रंथाने वनस्पती कशापासून उगवते यावरून मूलबीज, अग्रबीज, पर्वबीज, कंदबीज, स्कंधबीज, बीजरुह व संमूर्च्छिम असे भेद केले. ज्याच्या शिरा व सांधे दिसत नाहीत, जे मोडले असता समान तुटते आणि तोडल्यावरही पुन्हा उगवते ते साधारण, ही कसोटीही तेथे दिली आहे.

पाश्चात्त्य परंपरेचा आरंभ इ. स. पूर्व चौथ्या शतकातील ग्रीक विद्वान थिओफ्रास्टस याच्यापासून मानतात. त्यानेही वृक्ष, झुडूप, उपझुडूप व ओषधी असे बाह्य आकारावरूनच भाग केले होते. १७५३ मध्ये स्वीडनच्या लिनियसने प्रत्येक वनस्पतीला दोन शब्दांचे नाव देण्याची पद्धत रूढ केली आणि फुलातील पुंकेसर मोजून चोवीस वर्ग पाडले. पुढे बेंथॅम व हूकर यांनी १८६२ ते १८८३ या काळात अनेक लक्षणांचा एकत्र विचार करून नवी मांडणी केली. पुण्याच्या विज्ञान महाविद्यालयाचे प्राचार्य राहिलेले थिओडोर कुक यांनी मुंबई इलाख्यातील वनस्पतींचा ग्रंथ १९०१ ते १९०८ या काळात त्याच धर्तीवर रचला.

१८५९ मध्ये डार्विनचा ग्रंथ प्रसिद्ध झाला आणि वर्गीकरणाचा हेतूच पालटला. वनस्पती कशी दिसते यापेक्षा तिचा पूर्वज कोण, हा प्रश्न महत्त्वाचा ठरला. शास्त्रज्ञांच्या मते भूमीवरील वनस्पती सुमारे ४७ कोटी वर्षांपूर्वी अवतरल्या. शेवाळी व नेचे यांच्यानंतर सबीज वनस्पती आणि त्यांच्याही पुष्कळ नंतर सपुष्प वनस्पती आल्या. १९९८ मध्ये अनेक शास्त्रज्ञांनी मिळून डीएनएच्या आधारे सपुष्प वनस्पतींची वंशावळ मांडली. २०१६ मध्ये तिची चौथी आवृत्ती निघाली.

या वंशावळीने डोळ्यांना दिसणारी अनेक नाती मोडली. भगवान पद्मप्रभूंचे लांछन लाल कमळ, तर भगवान नमिनाथांचे नीलोत्पल. प्रज्ञापनेत पद्म व उत्पल दोन्ही जलरुहांत येतात. लिनियसनेही त्यांना एकाच प्रजातीत घातले. आता मात्र कमळाचे जवळचे नाते काश्मीरच्या चिनार वृक्षाशी असल्याचे सिद्ध झाले आहे.

काही ठिकाणी दोन्ही परंपरा एकत्र येतात. आचार्य अमृतचंद्र यांच्या ‘पुरुषार्थसिद्ध्युपाय’ ग्रंथात उंबर, काकोदुंबर, प्लक्ष, वड व पिंपळ यांची फळे त्रस जीवांचे उत्पत्तिस्थान म्हणून वर्ज्य आहेत. ही पाचही झाडे आज एकाच प्रजातीत गणली जातात. त्यांची फुले फळासारख्या पोकळीत दडलेली असतात व सूक्ष्म गांधीलमाश्या आत शिरून तेथेच अंडी घालतात. या सहजीवनाला सात कोटींहून अधिक वर्षे झाली असावीत, असा अंदाज आहे.

बटाट्याची गोष्ट वेगळी आहे. तो मूळचा दक्षिण अमेरिकेतील. पोर्तुगीजांच्या काळात भारतात आला. प्राचीन ग्रंथांत त्याचे नाव असणे शक्यच नव्हते. तरीही डोळा असलेला तुकडा मातीत पुरताच नवे रोप येते, हे पाहून श्रावकांनी त्याला जुनीच कसोटी लावली व कंदांत गणले. विज्ञानाच्या दृष्टीने बटाटा, टोमॅटो व वांगे एकाच प्रजातीचे, म्हणजे जणू सख्खी भावंडे. मग एक ताटात चालतो आणि दुसरा का नाही, असे तरुण पिढी विचारते.

याचे उत्तर दोन्ही परंपरांच्या प्रश्नांतच आहे. विज्ञान विचारते, ‘ही वनस्पती कोणाच्या कुळातली?’ धर्म विचारतो, ‘ही घेताना किती जीवांची विराधना होईल?’ प्रश्न भिन्न, म्हणून उत्तरेही भिन्न. अनंत जीवांचा सिद्धांत प्रयोगशाळेत सिद्ध झाला असे म्हणणे जितके चुकीचे, तितकेच वंशावळीत भावंडे ठरली म्हणून त्यागाचा नियम निरर्थक ठरला असे म्हणणेही चुकीचे. नव्या पिढीला शास्त्राचा खोटा दाखला न देता नियमामागील करुणा समजावून सांगितली, तर ती तो नियम श्रद्धेने व डोळसपणे पाळील.