एका पत्त्यावरचं बिऱ्हाड

नव्वदच्या दशकात तुम्ही अमेरिकेत असाल, तर मोडेमचा तो किरकिरा आवाज अजून कानात असेल. घरात संगणक दोन झाले, पण इंटरनेट कंपनी पत्ता देई एकच. मग दुसऱ्याने काय करायचं?

उत्तराचा पाया १९९४ मध्येच एगेवांग आणि फ्रान्सिस या दोघांनी घातला होता. ३२ बिटांचे आयपी पत्ते सुमारे ४३० कोटीच. ते पुरणार नाहीत हे दिसत होतं. त्यातून पुढे आलेली युक्ती चाळीतल्या सामाईक फोनसारखी: बाहेर नंबर एकच, आणि कोणाचा निरोप कोणाला द्यायचा हे लक्षात ठेवणारा मधे एक जण. घरातल्या यंत्रांना १९२.१६८ने सुरू होणारे खासगी पत्ते.

हा मधला म्हणजे बहुधा एखादा जुना संगणक. एका बाजूला मोडेम, दुसऱ्या बाजूला नेटवर्क कार्ड, त्यावर लिनक्स. १९९९ मध्ये विंडोज ९८च्या दुसऱ्या आवृत्तीत ही सोय आयती आली. पण तो संगणक बंद केला की साऱ्या घराचं इंटरनेट बंद! पुढे हे काम छोट्या राउटरने उचललं.

याची किंमतही होती. आतून बाहेर हाक मारता येते. बाहेरून आपणहून आलेली हाक कोणासाठी, हे मधल्याला कळत नाही. पुण्याहून आईला थेट तुमच्या संगणकाशी बोलता येईना. २००३ मध्ये स्काइपने वाट काढली: दोन्ही घरांनी बाहेरच्या तिसऱ्या संगणकाला गाठायचं, त्याने दोघांची गाठ घालून द्यायची. आजही आईशी व्हिडिओवर बोलता, तेव्हा असा एक मध्यस्थ बहुतेक वेळा असतोच.