वाटेचा खर्च वाटसरूने द्यावा काय?

विमानतळाचा विषय निघाला की खेड्यातला माणूस म्हणतो, "त्याचे आम्हांला काय हो? आम्ही एस.टी.ने जाणारी माणसे." मंडळी, त्याचे म्हणणे अगदीच वावगे नाही. परंतु विमान आकाशात उडत असले तरी विमानतळ जमिनीवरच बांधावा लागतो. ती जमीन कोणाची तरी असते आणि बांधकामाचा पैसाही कोणाच्या तरी खिशातून येतो. तो खिसा कोणाचा, आणि कोणाचा असावा, याचा थोडा इतिहास आज आपण पाहू.

मी ज्या दिघ्यात राहतो ते नवी मुंबईचे उत्तरेचे टोक. एका बाजूला पारसिकचा डोंगर, दुसऱ्या बाजूला ठाण्याची खाडी. १२ जानेवारी २०२४ या दिवशी आमच्या दिघा गाव रेल्वे स्थानकाचे उद्घाटन झाले. त्याच दिवशी शिवडी ते न्हावाशेवा हा समुद्रावरचा अटल सेतूही खुला झाला. स्थानकावर उतरणारा कामगार थोडक्या रुपयांचे तिकीट काढतो. सेतूवरून जाणाऱ्या मोटारीला एका फेरीचे अडीचशे रुपये ठरले. पुढे त्याच वर्षी ऑक्टोबरात आमच्या शेजारच्या ऐरोली नाक्यासह मुंबईच्या पाच वेशींवरचा टोल हलक्या वाहनांना माफ झाला. मुलूख एकच, वाटा तीन आणि तिन्हींचा न्याय निराळा! हे असे का होते, ते कळण्यासाठी थोडे मागे जावे लागेल.

वाटेचा खर्च भागवण्याच्या आपल्याकडे तीन रीती चालत आल्या आहेत. पहिली रीत वाटसरूकडून घेण्याची. जुन्नरहून कोकणात उतरणाऱ्या नाणेघाटात सातवाहनांच्या काळचे लेणे आहे आणि जवळच एक मोठा दगडी रांजण आहे. व्यापाऱ्यांकडून घेतलेली जकात त्यात टाकीत, असे लोक सांगतात. माल घेऊन घाट उतराल तर घाटाची राखण करणाऱ्याला काही द्या, असा तो सरळ व्यवहार.

दुसरी रीत दात्याची. वांद्रे आणि माहीम यांच्यामध्ये पूर्वी खाडी होती आणि लोक होड्यांतून जीव मुठीत धरून ती ओलांडीत. १८४० च्या दशकात तेथे बांध घातला गेला. त्यासाठी सर जमशेटजी जीजीभाई यांच्या पत्नी अवाबाई यांनी सुमारे एक लाख सत्तावन्न हजार रुपये दिले. देताना त्यांनी एक अट घातली, की या वाटेवर टोल घेता कामा नये. केवढी दूरदृष्टी पहा! वाट बांधून दिली तरी नाक्यावर माणूस बसला की गरिबाची वाट अडते, हे त्या बाईंनी ओळखले होते.

तिसरी रीत सरकारी खजिन्याची. १६ एप्रिल १८५३ रोजी बोरीबंदर ते ठाणे अशी पहिली आगगाडी धावली, हे शाळेतल्या मुलालाही ठाऊक असते. पण तिच्यासाठी भांडवल कसे उभे राहिले, ते पुस्तकात क्वचितच येते. कंपनी सरकारने १८४९ च्या करारात रेल्वेच्या भागधारकांना पाच टक्के व्याजाची हमी दिली होती. गाडीला तेवढे उत्पन्न झाले नाही तर तूट हिंदुस्थानच्या तिजोरीतून भरायची. त्या तिजोरीत मुख्य भर शेतसाऱ्याची! म्हणजे ज्याने गाडीचे चाकसुद्धा पाहिले नव्हते, त्या शेतकऱ्याच्या पैशातून विलायतेतल्या भागधारकाचे व्याज भागू लागले. खजिन्यातून दिले म्हणजे कोणाच्याच खिशातून गेले नाही, असा समज असेल तर तो सोडून द्यावा.

आता विमानाकडे वळू. मुंबईत जुहूचे मैदान १९२८ पासून विमानांसाठी वापरात आले. १५ ऑक्टोबर १९३२ रोजी जे. आर. डी. टाटा यांनी कराचीहून अहमदाबादमार्गे टपाल घेऊन तेथेच विमान उतरवले. पावसाळ्यात तेथे पाणी साचे आणि मुक्काम पुण्याला हलवावा लागे. सरकारने या सेवेला अनुदान दिले नाही. नेलेल्या टपालाच्या वजनावर मोबदला दिला. एका अर्थी पत्राला तिकीट चिकटवणाराच त्या विमानाचा खर्च भागवीत होता.

कोल्हापुरात निराळे घडले. छत्रपती राजाराम महाराजांच्या कारकिर्दीत १९३९ साली उजळाईवाडीच्या माळावर विमानतळ झाला. संस्थानचा खजिना होता, राजाची इच्छा होती, काम झाले. परंतु विमानतळ बांधणे एक आणि तो नांदता ठेवणे दुसरे. स्वातंत्र्यानंतर संस्थाने गेली, १९५३ साली विमान कंपन्यांचे राष्ट्रीयीकरण झाले, आणि विमानतळ सांभाळण्याचे काम केंद्र सरकारकडे राहिले. मोठ्या शहरांकडे वाहतूक वाढली. कोल्हापूरसारख्या ठिकाणी सेवा सुरू व्हावी, बंद पडावी, पुन्हा सुरू व्हावी, असा खेळ कित्येक वर्षे चालला.

त्याचे कारण समजून घ्या. विमानतळावर दिवसात एक विमान उतरो की पन्नास, धावपट्टी तेवढीच लांब लागते. अग्निशामक बंब उभा हवा, मनोऱ्यावर माणूस हवा, कुंपणाला राखण हवी. शाळेत शिकवताना हे उदाहरण सोपे करून घ्यावे. समजा, एका लहान विमानतळावरून रोज शंभर उतारू जातात आणि प्रत्येकाकडून दोनशे रुपये घेतले. दिवसाचे वीस हजार झाले, वर्षाचे त्र्याहत्तर लाख. एवढ्यात पगार तरी भागतील की नाही कोण जाणे. धावपट्टी वाढवायला तर कोट्यवधी रुपये लागतात. बरे, शुल्क दोन हजार करावे, तर उतारू म्हणेल, "मी आपला रात्रीच्या गाडीने जातो." मोठ्या विमानतळाचे तसे नाही. तेथे लाखो उतारू असतात. थोडे थोडे घेतले तरी डोंगर होतो. आडात पाणी असेल तर पोहऱ्यात येणार, आणि लहान विमानतळाचा आड मुळातच उथळ.

आपल्याकडे प्रवाशाकडून घेण्याचे प्रकारही अनेक आहेत आणि ते बहुतेक तिकिटाच्या रकमेतच मिसळलेले असतात. प्रवासी सेवा शुल्क होते. त्यातल्या सुरक्षेच्या भागाऐवजी १ जुलै २०१९ पासून विमान सुरक्षा शुल्क आले, आणि १ एप्रिल २०२१ पासून ते देशांतर्गत प्रवाशाला दोनशे रुपये झाले. त्याशिवाय वापरकर्ता विकास शुल्क, आणि काही ठिकाणी नुसते विकास शुल्क. नावे सारखी वाटतात, पण त्यांतला फरक महत्त्वाचा आहे, आणि तो सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला.

झाले असे. मुंबईच्या विमानतळाच्या कामासाठी १ एप्रिल २००९ पासून देशात जाणाऱ्या प्रत्येक उतारूकडून शंभर रुपये आणि परदेशी जाणाऱ्याकडून सहाशे रुपये विकास शुल्क घेऊ लागले. दिल्लीतही तसेच चालले होते. एका ग्राहक संस्थेने त्यास आव्हान दिले. २६ एप्रिल २०११ रोजी सर्वोच्च न्यायालयाने निकाल दिला. त्याचा मथितार्थ असा : आज मिळणाऱ्या सेवेचा मोबदला ही एक गोष्ट, आणि उद्या बांधायच्या इमारतीसाठी आज पैसे घेणे ही दुसरी. दुसऱ्या प्रकाराचे स्वरूप कराचे किंवा उपकराचे आहे. म्हणून कायद्याने नेमलेल्या प्राधिकरणाने दर ठरवल्याशिवाय तो घेता येणार नाही. विमानतळ आर्थिक नियामक प्राधिकरण २००९ साली स्थापन झालेच होते. पुढे त्याने रीतसर दर ठरवल्यावर मुंबईत ती वसुली पुन्हा सुरू झाली. शुल्क घेऊ नका, असे न्यायालय म्हणाले नाही. नियमाने घ्या, असे म्हणाले. नागरिकाच्या दृष्टीने हे थोडे नव्हे.

आता लहान विमानतळांचे काय? अमेरिकेने यावर एक तोड काढली. तेथे १९९० च्या कायद्याने विमानतळांना प्रत्येक उतारूमागे शुल्क घेण्याची मुभा मिळाली. प्रथम ते तीन डॉलरपर्यंत होते, २००० सालच्या कायद्याने मर्यादा साडेचार डॉलर झाली. मात्र जो मोठा विमानतळ हे शुल्क घेईल, त्याने केंद्रीय अनुदानातला आपला बराच वाटा सोडायचा, आणि सोडलेल्या रकमेचा मोठा भाग लहान विमानतळांच्या निधीत जायचा. मोठ्या भावाने स्वतः कमवावे आणि वडिलार्जित मिळकतीतला वाटा धाकट्यासाठी सोडावा, तसे हे आहे.

आपल्याकडे २०१६ साली 'उडान' योजना आली. तिची रीतही याच जातीची, पण वाट निराळी. मोठ्या मार्गांवर निघणाऱ्या प्रत्येक विमानामागे कंपनीने आकार भरायचा : आरंभी हजार किलोमीटरपर्यंत साडेसात हजार रुपये, त्यापुढे आठ हजार, आणि दीड हजार किलोमीटरच्या पुढे साडेआठ हजार. एकशे ऐंशी आसनांच्या विमानात साडेसात हजार वाटले तर माणशी सुमारे बेचाळीस रुपये पडतात. हा पैसा प्रादेशिक निधीत जातो आणि त्यातून लहान गावांच्या मार्गांवरची तूट भरली जाते. महाराष्ट्रासारख्या राज्याने तुटीचा पाचवा हिस्सा सोसायचा. बदल्यात ठरावीक आसने तासाभराच्या प्रवासाला सुमारे अडीच हजार रुपयांत द्यायची. म्हणजे मुंबई-दिल्ली जाणारा व्यापारी नांदेडच्या प्रवाशाला हातभार लावतो!

२७ एप्रिल २०१७ रोजी या योजनेची पहिली विमाने निघाली, त्यांत शिमला-दिल्लीबरोबर आपली नांदेड-हैदराबाद सेवाही होती. २०१८ साली कोल्हापूरचे आकाश पुन्हा जागे झाले. १० मार्च २०२४ रोजी तेथे नव्या इमारतीचे उद्घाटन झाले. हे यश मोकळ्या मनाने मान्य केले पाहिजे.

पण नाण्याची दुसरी बाजूही पाहू. भारताच्या महालेखापरीक्षकांनी २०२३ सालच्या अहवालात हिशेब मांडला. योजनेच्या तिसऱ्या फेरीपर्यंत ७७४ मार्ग मंजूर झाले. त्यांतले ४०३ सुरूच झाले नाहीत. उरलेल्या ३७१ पैकी तीन वर्षांची मुदत ११२ मार्गांनी पुरी केली, आणि मार्च २०२३ अखेर मुदतीनंतरही टिकलेले मार्ग अवघे ५४. कोकणात चिपीचा विमानतळ ९ ऑक्टोबर २०२१ रोजी गाजावाजाने उघडला. तीन वर्षांची मुदत सरली आणि ऑक्टोबर २०२४ मध्ये योजनेतली मुंबईची सेवा थांबली. पाणी घातले तोवर रोप हिरवे, बंद केले की वाळले. मुळे खोल गेली की नाहीत, हे कोणी पाहिले नाही.

आणि आता आमच्या अंगणातली गोष्ट. नवी मुंबईच्या नव्या विमानतळाचे उद्घाटन ८ ऑक्टोबर २०२५ रोजी झाले आणि २५ डिसेंबरपासून तेथून विमाने उडू लागली. प्राधिकरणाने २०२५ साली तात्पुरते म्हणून जे दर ठरवले त्यांप्रमाणे देशात जाणाऱ्या उतारूला ६२० रुपये, येणाऱ्याला २७० रुपये. परदेशी जाणाऱ्याला १,२२५ आणि येणाऱ्याला ५२५. येथे दाता नाही, केवळ खजिनाही नाही. वाटसरूचीच रीत मुख्य.

आमच्या भागाला ही रीत नवी नाही. मानखुर्द-वाशी आगगाडी १९९२ साली सुरू झाली, ठाणे-वाशी २००४ साली. या मार्गांचा सुमारे दोनतृतीयांश खर्च सिडकोने केला आणि उरलेला रेल्वेने. तो फेडण्यासाठी तिकिटावर अधिभार बसला. ऐरोली, रबाळे, घणसोलीच्या कामगाराने महिन्याच्या पासातून तो भरला. भरला म्हणून गाडी आली, हेही खरे.

परंतु सिडकोजवळ पैसा आला तो जमिनीतून, आणि ती जमीन आगरी-कोळी शेतकऱ्यांची. जानेवारी १९८४ मध्ये जासईच्या परिसरात योग्य मोबदल्यासाठी जे आंदोलन झाले त्यात पाच शेतकऱ्यांना प्राण गमवावे लागले. दि. बा. पाटील यांच्या नेतृत्वाखालच्या त्या लढ्यातून साडेबारा टक्के विकसित जमीन परत देण्याचे तत्त्व पुढे आले. विमानतळासाठी दहा गावे उठली, तेव्हा विस्थापितांना साडेबावीस टक्के विकसित जमीन देण्याचे ठरले. विमानतळाचा पहिला हप्ता उतारूने भरला नाही. तो भातखाचरे आणि मिठागरे सोडणाऱ्यांनी भरला, आणि त्याची पावती कोणत्याच तिकिटावर छापलेली नसते.

तेव्हा सुरुवातीच्या प्रश्नाचे उत्तर काय? माझ्या मते, वाटसरूने खर्च द्यावा हे तत्त्व न्याय्य आहे. जो विमानाने जातो त्यानेच ते भरणे, शेतसाऱ्यातून भरण्यापेक्षा केव्हाही बरे. मोठ्या विमानतळाच्या उतारूने लहान विमानतळाला हात देणे, हेही योग्य. मात्र तीन गोष्टींची विचारणा आपण केली पाहिजे. घेतलेला पैसा नेमका कशावर खर्च झाला? काम फिटल्यावर वसुली थांबणार केव्हा? आणि ज्या गावाच्या नावाने पैसा गोळा केला, त्या गावाच्या पदरात शेवटी काय पडले?

शिक्षक बंधूभगिनींनो, आपल्या वर्गात एखादे एस.टी.चे, रेल्वेचे, मिळाल्यास विमानाचे तिकीट आणावे आणि मुलांना त्यावरची प्रत्येक रक्कम वाचायला लावावी. ही रक्कम कोणाला गेली, का गेली, असे विचारावे. नागरिकशास्त्राचा एवढा चांगला धडा पुस्तकात मिळणे कठीण. आणि शेतकरी मंडळींनो, तुमच्या तालुक्यात विमानतळाची मोजणी सुरू झाली, तर धावपट्टी किती लांब होणार हे जरूर विचारा. पण त्याआधी हे विचारा, की पहिली पाच वर्षे सोडून सहाव्या वर्षी तिचा खर्च कोण देणार आहे.