पहिला मान कोणत्या जिवाला?



कामगार संघटनेत वावरलेल्या माणसाला एक अनुभव हटकून येतो. मागण्या वीस असतात. पण मालकापुढे पहिली कोणती ठेवायची, यावरच सारी रात्र सरते. पहिली चुकली की उरलेल्या एकोणीस वाऱ्यावर जातात. डोंगरातल्या रानांचा अलीकडचा इतिहास वाचताना आम्हांस तोच प्रश्न भेटला. पैसा थोडा, माणसे थोडी. मग आधी वाचवायचे कोणाला?

पहिला निवाडा वाघाचा. १९७२ च्या गणनेत देशात अवघे १,८२७ वाघ भरले. १ एप्रिल १९७३ रोजी व्याघ्रप्रकल्प सुरू झाला. आरंभीच्या नऊ रानांत सातपुड्यातला आपला मेळघाटही होता. विचार असा की, वाघाला सांबर आणि गवा हवा, त्यांना चारा व पाणी हवे. तेव्हा वाघ राखला की सारे रान राखले जाते. हा विचार खोटा ठरला नाही. २०२२ च्या गणनेचा सरासरी अंदाज ३,६८२ वाघांचा आहे. परंतु या यशासाठी कित्येक गावांना आपली जागा सोडावी लागली, हेही त्याच जमाखर्चात मांडले पाहिजे.

दुसरा निवाडा केरळातल्या सायलेंट व्हॅलीचा. तेथे कुंतीपुळा नदीवर विजेसाठी धरण व्हायचे होते. त्या सदाहरित रानात सिंहपुच्छ वानर राहते. पश्चिम घाटाबाहेर ते रानात कुठेही नाही. त्याचे बहुतेक आयुष्य उंच झाडांच्या शेंड्यांवर जाते, म्हणून त्याला सलग रान लागते. तुकडे पडले की कळप एकमेकांपासून तुटतात. वानर लहान, पण त्याची मागणी सबंध दरीची! केरळ शास्त्र साहित्य परिषदेच्या मंडळींनी नुसता भूतदयेचा पुकारा केला नाही. प्रकल्पाचा आर्थिक व सामाजिक हिशेब तपासून १९७९ साली अहवाल काढला. अखेर धरण रद्द झाले आणि १९८४ साली ती दरी राष्ट्रीय उद्यान म्हणून जाहीर झाली.

आपल्या भीमाशंकरलाही १९८५ साली अभयारण्य झाले, ते मुख्यतः शेकरूसाठी. त्याचीही गरज तीच: फांदीला फांदी भिडलेले रान.

यावरून आम्ही तीन कसोट्या काढतो. तो जीव दुसरीकडे आहे काय? तो राखल्याने आणखी किती जीव राखले जातात? आणि हे ठरवताना रानातली माणसे बैठकीला होती काय? पहिल्या दोन कसोट्या शास्त्रज्ञांनी लावाव्यात. तिसरी मात्र दीर्घकाळ कोणी फारशी लावलीच नाही. २००६ च्या वनहक्क कायद्याने अशा पुनर्वसनाला ग्रामसभेची लेखी संमती आवश्यक केली. ज्याच्या घरावरून निर्णय जातो, त्याची सही नसलेला करार आम्ही कारखान्यात कधी मानला नाही. रानातही तो मानू नये. कारण पहारेकरी संध्याकाळी चौकीवर परततो. रानाशेजारी रात्र काढतो तो गावकरीच.