वाहन चालविताना भ्रमणध्वनीचा वापर : दंडविषयक तरतुदींचा इतिहास आणि रायगडची किनारपट्टी

प्रस्तावना

वाहन चालविताना भ्रमणध्वनी हातात धरून वापरणे हा आज भारतात केंद्रीय कायद्याने नावानिशी सांगितलेला अपराध आहे. तो तसा होण्यास बराच काळ जावा लागला. ३१ जुलै १९९५ रोजी ज्योती बसू यांनी कलकत्त्याहून दिल्लीतील सुखराम यांच्याशी देशातील पहिले भ्रमणध्वनी संभाषण केले. मोटार वाहन कायद्याच्या दंडविषयक कलमात या साधनाचा स्पष्ट उल्लेख अमलात आला तो १ सप्टेंबर २०१९ रोजी. मधल्या चोवीस वर्षांत हे कृत्य सर्वसाधारण स्वरूपाच्या कलमांखाली आणि नियमांखाली हाताळले गेले. या तरतुदींचा इतिहास पाहणे आणि त्याच्या आधारे रायगडच्या किनारी रस्त्यांवर दंडाचा अर्थ काय होतो याचा विचार करणे, हा प्रस्तुत लेखाचा हेतू आहे.

दंडाची रक्कम किती वाढली, एवढाच प्रश्न सहसा चर्चिला जातो. प्रस्तुत लेखकाच्या मते हा इतिहास मुख्यतः रकमेचा नसून अपराधाच्या व्याख्येचा आहे.

परिणामाकडून कृतीकडे

रस्त्यावरील बेदरकारपणाला शिक्षा देणारे भारतीय दंड संहितेचे कलम २७९ हे १८६० चे, म्हणजे मोटारीच्याही आधीचे आहे. घोडागाडी आणि बैलगाडी यांच्या काळात लिहिलेल्या या कलमात सहा महिन्यांपर्यंत कारावास किंवा एक हजार रुपयांपर्यंत दंड, अथवा दोन्ही, अशी शिक्षा होती. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेच्या कलम २८१ मध्येही हीच शिक्षा कायम आहे. एक हजार रुपये ही १८६० मध्ये जबर रक्कम होती. आज ती तशी राहिलेली नाही. रकमेवर विसंबणारा दंड काळाबरोबर कसा झिजतो, याचे हे बोलके उदाहरण होय.

मोटारींसाठी स्वतंत्र कायदे १९१४, १९३९ आणि १९८८ मध्ये झाले. १९८८ च्या कायद्यातील कलम १८४ हे धोकादायक रीतीने वाहन चालविण्याविषयी आहे. मूळ तरतुदीनुसार पहिल्या अपराधास सहा महिन्यांपर्यंत कारावास किंवा एक हजार रुपयांपर्यंत दंड होता. या सर्व तरतुदींचे सूत्र एकच होते : चालकाच्या वर्तनाने लोकांना धोका निर्माण झाला, हे दाखविणे आवश्यक होते. कानाशी फोन धरलेला चालक सरळ आणि संथ वाहन चालवीत असेल, तर धोका कोठे झाला, असा युक्तिवाद करण्यास वाव राहत असे.

हा वाव केरळ उच्च न्यायालयाच्या २०१८ मधील निर्णयाने ठळकपणे समोर आला. वाहन चालविताना फोनवर बोलणे एवढ्यानेच केरळ पोलीस कायद्याच्या संबंधित कलमाखाली अपराध होत नाही. त्यामुळे लोकांची सुरक्षितता धोक्यात आली पाहिजे, असे न्यायालयाने म्हटले. इंग्लंडमध्येही असाच अनुभव आला. तेथे १ डिसेंबर २००३ पासून हातातील फोनवर बंदी असून तीस पौंडांचा निश्चित दंड होता. २०१७ पर्यंत तो दोनशे पौंड आणि परवान्यावर सहा गुण इतका झाला. तरीही २०१९ मध्ये, फोनने चित्रीकरण करणे हे ‘संभाषण’ नव्हे, असा निर्णय तेथील न्यायालयाने दिला आणि २०२२ मध्ये व्याख्या रुंद करावी लागली. दोन्हीकडे अडचण रकमेची नव्हती, शब्दांची होती.

२०१९ ची दुरुस्ती आणि महाराष्ट्र

सर्वोच्च न्यायालयाने नेमलेल्या रस्ता सुरक्षा समितीने ऑगस्ट २०१५ मध्ये राज्यांना निर्देश दिले. वाहन चालविताना भ्रमणध्वनी वापरणाऱ्याचा परवाना किमान तीन महिने निलंबित करावा, असे त्यांत होते. मद्यपान करून वाहन चालविणे आणि लाल दिवा ओलांडणे यांच्या पंक्तीत फोन बसला.

पुढे मोटार वाहन (सुधारणा) अधिनियम, २०१९ ने कलम १८४ मध्ये धोकादायक कृत्यांची यादी दिली. हातात धरावयाच्या संपर्क साधनाचा वापर हे त्यांपैकी एक होय. पहिल्या अपराधास सहा महिने ते एक वर्ष कारावास किंवा एक हजार ते पाच हजार रुपये दंड, अथवा दोन्ही. तीन वर्षांच्या आत पुन्हा अपराध केल्यास दोन वर्षांपर्यंत कारावास किंवा दहा हजार रुपये दंड, अथवा दोन्ही, अशी शिक्षा ठरली. १ ऑक्टोबर २०२० पासून केंद्रीय नियमांत मार्गदर्शनापुरता अपवाद करण्यात आला. चालकाचे लक्ष विचलित होणार नाही अशा रीतीने केवळ मार्ग पाहण्यासाठी साधन वापरता येते.

महाराष्ट्राने वाढीव दंड लगेच स्वीकारला नाही. विधानसभा निवडणूक जवळ असताना तत्कालीन परिवहन मंत्री दिवाकर रावते यांनी सप्टेंबर २०१९ मध्ये केंद्राकडे फेरविचाराची मागणी केली. राज्यातील सुधारित तडजोड शुल्क डिसेंबर २०२१ मध्ये लागू झाले. त्यानुसार फोन वापरल्याबद्दल दुचाकीस एक हजार, चारचाकीस दोन हजार, इतर वाहनांस चार हजार आणि पुनरावृत्तीस दहा हजार रुपये ठरले.

येथे एक विसंगती लक्षात घेण्याजोगी आहे. कलम २०० नुसार धोकादायक वाहन चालविण्याच्या अपराधांपैकी केवळ फोनचा वापर हाच भाग तडजोडयोग्य ठेवला आहे. म्हणजे कायद्याने या कृत्यास नाव धोक्याचे दिले, पण वागणूक किरकोळ अपराधाची दिली. रक्कम भरली की प्रकरण मिटले, अशी सर्वसाधारण समजूत त्यातून होते. प्रत्यक्षात तसे नाही. तडजोड झालेला अपराधही पुनरावृत्ती मोजताना पूर्वीचा अपराध धरला जातो आणि परवान्यावरील कारवाईतून चालकाची सुटका होत नाही. कायद्याचा हा उत्तरार्ध पूर्वार्धाइतका परिचित नाही.

रायगडच्या किनारी रस्त्यांचा संदर्भ

१ जानेवारी १९८१ पर्यंत कुलाबा म्हणून ओळखल्या जाणाऱ्या या जिल्ह्यात वाहतुकीचे दोन प्रवाह एकत्र येतात. मुंबई-गोवा महामार्गावर अवजड वाहने, एस.टी. आणि खासगी बसगाड्या असतात. वडखळहून अलिबागकडे वळणाऱ्या मार्गावर कार्लेखिंडीतून पर्यटक उतरतात. मार्च २०२० मध्ये भाऊचा धक्का ते मांडवा रो-रो सेवा सुरू झाली आणि मोटारी थेट जलमार्गानेही येऊ लागल्या. जानेवारी २०२४ मध्ये अटल सेतूने मुंबई उरण तालुक्याशी जोडली गेली.

अलिबागच्या दक्षिणेस नागाव, चौल, रेवदंडा या गावांतून जाणारा रस्ता वाड्यांच्या कुंपणांमधून जातो. तेथे मासळीची पाटी घेऊन निघालेली कोळीण, शाळेची मुले, मिनीडोअर आणि पाहुण्यांची मोटार हे सारे त्याच अरुंद पट्टीवर असतात. ताशी साठ किलोमीटर वेगाने जाणारे वाहन तीन सेकंदांत पन्नास मीटर अंतर कापते. फोनकडे पाहण्यास तेवढाच वेळ पुरतो. वाडीच्या फाटकातून बाहेर पडणाऱ्यास मात्र पन्नास मीटरची मोकळीक मिळत नाही.

दंडाचा भारही सारखा पडत नाही. शनिवार-रविवारच्या सहलीत दोन हजार रुपये ही सोसण्याजोगी रक्कम ठरते. मासळी किंवा बर्फ वाहून नेणाऱ्या चालकास व्यापाऱ्याचा फोन हा धंद्याचाच भाग असतो. फोन न उचलल्यास फेरी जाते, उचलल्यास दंड होतो. त्याने फोन उचलणे समर्थनीय नाही; परंतु फोन करणारा या साऱ्या व्यवहारात कोठेच जबाबदार धरला जात नाही, हेही नमूद केले पाहिजे.

पुराव्याचा प्रश्न

केंद्रीय रस्ते वाहतूक मंत्रालयाच्या अहवालानुसार २०२१ मध्ये देशात ४,१२,४३२ अपघातांत १,५३,९७२ व्यक्ती मृत्युमुखी पडल्या. त्यांपैकी भ्रमणध्वनीच्या वापरामुळे झालेले अपघात १,९९७ आणि मृत्यू १,०४० नोंदले गेले. हे प्रमाण एक टक्क्याहूनही कमी आहे. यावरून धोका नगण्य ठरविणे घाईचे होईल. मद्याचा अंश रक्तात सापडतो, चाकांच्या खुणा रस्त्यावर उरतात. पण खिशात परत गेलेला फोन पंचनाम्यात दिसत नाही.

निष्कर्ष

१८६० पासूनच्या वाटचालीत कायदा परिणामाकडून कृतीकडे आला, ही निश्चितच प्रगती होय. धोका सिद्ध करण्याचे ओझे कमी झाले. तथापि शिक्षेची तीव्रता नव्हे, तर तिची निश्चिती अपराधास आवर घालते, हा बेकारियाने १७६४ मध्ये मांडलेला विचार येथे आजही लागू पडतो. किनारी रस्त्यांवर रक्कम आणखी वाढविण्यापेक्षा पुनरावृत्तीची काटेकोर नोंद, परवान्यावरील कारवाई आणि चालकांचे उजळणी प्रशिक्षण या कायद्यात आधीच असलेल्या उपायांवर भर देणे अधिक उचित ठरेल. पैसे भरून परवाना सुटत नाही, हे पर्यटकास आणि मालवाहू चालकास सारखेच कळले पाहिजे. वाडीच्या फाटकातून रस्त्यावर पाऊल टाकणाऱ्यास संरक्षण मिळायचे, तर ते अपघातानंतरच्या शिक्षेतून मिळणार नाही. चालकाचा हात फोनकडे जाण्यापूर्वीच ही जाणीव त्याच्या मनात असली पाहिजे.